सर्व्हरची प्रत दुसऱ्या गावी : आपत्काळासाठी आपल्या संग्रहाची तजवीज



स्मरणिकेत सर्व्हर आणि हार्ड डिस्क यांविषयी लेख कशाला, असा प्रश्न संपादक मंडळातील ज्येष्ठांनी आम्हाला विचारला. प्रश्न रास्त होता. स्मरणिका आठवणींसाठी असते. परंतु आपल्या संस्थेच्या आठवणींचा मोठा भाग आज कार्यालयामागील खोलीतल्या एका सर्व्हरवर साठवलेला आहे. तो सुखरूप राहावा म्हणून काय करायचे, याचा विचार आम्हा संगणक समितीच्या सदस्यांना एका चुकीनंतर करावा लागला. ती चूक, तिच्यातून घेतलेला धडा आणि पुढील योजना आपणा सर्वांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण ही योजना आपल्या सहभागावाचून उभी राहू शकत नाही.

या सर्व्हरवर काय आहे?

हा सर्व्हर एकट्या शाळेचा नाही. शाळा, वसतिगृह, परिसरातील दोन विहार, महिला बचत गट आणि माजी विद्यार्थी संघ असे सर्वजण तो मिळून वापरतात. विहारांत लागलेल्या मंगल परिणयांच्या नोंदी, बचत गटाचे हिशेब, जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची छायाचित्रे, जुन्या जलशांतील गायकांची ध्वनिमुद्रणे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पाने त्यावर आहेत.

यांतील जनरल रजिस्टरचे मोल आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक लागू आहे. पडताळणी समितीपुढे नातवाचा अर्ज जातो, तेव्हा वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला जातो. धर्मांतरानंतर कुठे ‘बौद्ध’ अशी नोंद झाली, कुठे त्याआधीची मूळ जात लिहिलेली आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. तेव्हापासून या दोन नोंदी एकमेकींशी जुळवून दाखवण्याचे काम अधिकच महत्त्वाचे झाले. रजिस्टरमधील एका ओळीवर एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश अवलंबून असतो. स्कॅन केलेले पान कायद्याच्या दृष्टीने मूळ रजिस्टरची जागा घेते असे नाही. परंतु मूळ पान भिजून गेले, तर त्यावर काय लिहिले होते हे सांगणारा तोच एक साक्षीदार उरतो.

आमची चूक

आमची शाळा कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. पाणी शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आले, तेव्हा आम्ही सर्व्हर उचलून पहिल्या मजल्यावर नेला आणि तो वाचला. आम्हाला हायसे वाटले. ‘बाहेरची प्रत’ म्हणून आम्ही एक हार्ड डिस्क बाजारपेठेतील एका सदस्याच्या घरी ठेवली होती. त्या घरात मात्र छातीइतके पाणी शिरले आणि ती डिस्क चिखलात गेली.

मूळ वाचले, प्रत गेली. मग बिघडले काय, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. नंतर ध्यानात आले की, सर्व्हरवर जागा कमी पडली म्हणून सहा ज्येष्ठांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणे आम्ही त्या डिस्कवर हलवली होती आणि सर्व्हरवरून, फोनवरून पुसून टाकली होती. जिला आम्ही प्रत म्हणत होतो, ती त्या ध्वनिमुद्रणांपुरती एकमेव होती. त्या सहा जणांपैकी दोघे आज हयात नाहीत. वसतिगृहाच्या पहिल्या वर्षी भाकरीचे पीठ कोणत्या घरांतून गोळा होई, हे त्यांनी आम्हाला सांगितले होते. ते सांगणे त्यांच्या आवाजात आता पुन्हा ऐकता येणार नाही.

या प्रसंगातून दोन चुका उघड झाल्या. जागा मोकळी करण्यासाठी हलवलेली वस्तू आम्ही बॅकअप समजलो. आणि दुसरे घर म्हणजे दुसरे ठिकाण, असे गृहीत धरले. पुराच्या दृष्टीने मात्र शाळा आणि बाजारपेठ ही एकच जागा होती.

बॅकअप कशाला म्हणावे?

आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. लिहिलेला मजकूर दोन्हींवर एकाच वेळी उमटतो. एक बंद पडली तर दुसरीवर काम चालू राहते. ही सोय चांगली आहे, पण तो बॅकअप नव्हे. कोणी चुकून एखादा फोल्डर पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी जातो. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही डिस्कवरील होतात. पाणी शिरले, वीज पडली, चोरी झाली, तरी दोन्ही एकत्रच जातात. फोनमधील छायाचित्रे आपोआप इंटरनेटवर जुळवून ठेवणाऱ्या सोयींनाही ही मर्यादा आहे. इकडे पुसले की बहुधा तिकडेही पुसले जाते.

बॅकअप म्हणवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रत मूळापासून वेगळी असावी. ती मागील ठरावीक दिवसाची स्थिती जशीच्या तशी दाखवणारी असावी, म्हणजे आजची चूक कालच्या प्रतीत उतरणार नाही. आणि तिच्यावरून मूळ पुन्हा उभे करता आले पाहिजे, व ते एकदा तरी करून पाहिलेले असावे.

परंपरेने हे पूर्वीच ओळखले होते

ही बाब आपल्या धम्मपरंपरेला नवी नाही. भगवान बुद्धांची वचने कित्येक पिढ्या मुखोद्गत होती. भाणक भिक्खूंनी निकायांची वाटणी करून घेतली होती. दीघनिकायाचे भाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. सर्व भार एकाच स्मृतीवर नव्हता आणि प्रत्येक भाग अनेकांच्या मुखी होता.

इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या काळात, सिंहलद्वीपात मोठा दुष्काळ आणि अराजक माजले. अट्ठकथेत अशी हकिकत येते की, काही भिक्खू समुद्र ओलांडून जंबुद्वीपात आले आणि काही सिंहलातील डोंगराळ भागातच कंदमुळांवर राहून पाठ करीत राहिले. संकट सरल्यावर दोन्ही गट एकत्र आले. त्यांनी आपापले पाठ ताडून पाहिले आणि त्यांत फरक आढळला नाही. त्यानंतर आलुविहार येथे त्रिपिटक ग्रंथबद्ध झाले. या हकिकतीत आमच्या योजनेची सर्व अंगे आहेत : एकाहून अधिक प्रती, एकाच संकटात न सापडणारी दोन ठिकाणे आणि शेवटी दोन्ही प्रती समोरासमोर ताडून पाहणे.

पुढे नालंदेचा ग्रंथसंग्रह नष्ट झाला. तरीही तेथे अभ्यासल्या गेलेल्या अनेक ग्रंथांचा आपल्याला आज परिचय आहे, कारण त्यांच्या प्रती आणि भाषांतरे आधीच दूर गेली होती. इसवी सन ६४५ मध्ये ह्युएन त्संग ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. तिबेटी भाषांतरांत कितीतरी ग्रंथ टिकले. धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’चे संस्कृत हस्तलिखित १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना तिबेटमध्येच सापडले. मगधातील आग हिमालयापलीकडे पोहोचू शकली नाही.

याउलट एक हळहळ लावणारी घटना परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे ग्रंथ असलेले सामान वेगळ्या बोटीने रवाना झाले होते. महायुद्धाच्या धामधुमीत जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला तो संग्रह समुद्रात गेला. नुकसानभरपाईने पैसे परत मिळतात. समासात केलेली टिपणे मिळत नाहीत. पुढे बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ उभारले, त्यात ग्रंथांना केवढे स्थान होते हे आपण जाणतोच.

तीन प्रती, दोन साधने, एक परगावी

संगणकाच्या क्षेत्रात एक सोपा नियम रूढ आहे. त्याला ३-२-१ असे म्हणतात. माहितीच्या एकूण ३ प्रती असाव्यात, त्या किमान २ वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी १ दुसऱ्या ठिकाणी असावी.

यातील ‘दुसरे ठिकाण’ या शब्दांवरच सारे अवलंबून आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हर केंद्राची इमारत आगीत जळून गेली. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. त्याच मार्चमध्ये दहा वर्षांपूर्वी, २०११ साली, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. चार नगरांच्या कुटुंबनोंदी त्यांच्या कार्यालयांसह वाहून गेल्या. त्या नोंदींच्या प्रती सरकारच्या विधी कार्यालयांकडे ठेवण्याची पद्धत असल्यामुळे त्या पुन्हा उभ्या करता आल्या.

म्हणून ठिकाण निवडताना आम्ही अंतर मोजण्याऐवजी संकट मोजले. नदी एक आहे का? विजेची वाहिनी एक आहे का? एकाच माणसाच्या हाती दोन्ही किल्ल्या आहेत का? आमची परगावची प्रत आता नागपुरात, एका विहाराच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही कृष्णेच्या खोऱ्यात, नागपूर गोदावरीच्या खोऱ्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरातही पुराने हाहाकार केला, म्हणूनच वरचा मजला. दोन्हीकडे एकाच रात्री पाणी शिरेल, हा संभव फार थोडा.

किती गमावणे चालेल, किती थांबणे चालेल?

योजना आखताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावी लागतात. सर्व्हर आज बुडाला, तर शेवटच्या किती दिवसांचे काम गेलेले चालेल? आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत किती दिवस थांबता येईल? बचत गटाच्या भगिनींनी सांगितले की, एका दिवसाहून अधिक हिशेब गेला तर सभेत तंटे होतील. छायाचित्रांना आठवडा गेला तरी हरकत नाही. जनरल रजिस्टरची पाने क्वचितच बदलतात, पण दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांसाठी ती दोन दिवसांत उपलब्ध हवीत. या उत्तरांवरून क्रम ठरला : हिशेब आणि नोंदी रोज रात्री, बाकी सर्व आठवड्यातून एकदा. रोजच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती आम्ही राखतो. त्यामुळे मार्चमध्ये झालेली चूक जूनमध्ये लक्षात आली, तरी फेब्रुवारीची स्थिती परत मिळू शकते. त्यासाठी ‘रेस्टिक’ ही विनामूल्य प्रणाली वापरतो. ती प्रत्येक वेळी फक्त बदललेला भाग साठवते, म्हणून जागा पुरते.

इंटरनेट की एसटी?

आमचा सारा संग्रह सुमारे २ टेराबाइट आहे. शाळेच्या इंटरनेट जोडणीचा माहिती पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला, तर तो सारा नागपूरला पोहोचवायला अखंड साडेअठरा दिवस लागतील. तीच माहिती हार्ड डिस्कवर घालून एखादा माजी विद्यार्थी एसटीने निघाला, तर दुसऱ्या दिवशी पोहोचते. रोजचा बदल मात्र सुमारे ५०० मेगाबाइट असतो. तो त्याच वेगाने सात मिनिटांच्या आत जातो. म्हणून पहिली पूर्ण प्रत हाताने नेली आणि रोजचा बदल रात्री इंटरनेटने जातो. संकटानंतर उलट प्रवासही असाच होईल : निकडीच्या नोंदी इंटरनेटने, उरलेले डिस्कवरून.

याखेरीज एक डिस्क कायम जोडलेली नसते. महिन्यातून एकदा ती जोडतो, प्रत घेतो आणि काढून कपाटात ठेवतो. जोडलेल्या प्रत्येक साधनापर्यंत व्हायरस पोहोचू शकतो. कपाटातील डिस्कपर्यंत पोहोचू शकत नाही.

कुलूप आणि किल्ली

या संग्रहात अल्पवयीन विद्यार्थ्यांची माहिती आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत विशेष काळजी सांगितली आहे. परगावी जाणारी प्रत म्हणून कुलूपबंद करूनच जाते. डिस्क कोणाच्या हाती लागली, तरी पासवर्डवाचून ती वाचता येत नाही.

परंतु हेच कुलूप आपल्यावरही उलटू शकते. पासवर्ड एकाच व्यक्तीला ठाऊक असेल आणि ती व्यक्ती उद्या नसेल, तर प्रत असून नसल्यासारखीच. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून, मोहोरबंद पाकिटांत, तीन ठिकाणी ठेवला आहे : मुख्याध्यापकांकडे, संस्थेच्या अध्यक्षांकडे आणि नागपूरच्या भन्तेजींकडे. तो सर्व्हरमध्येच साठवून ठेवणे म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार लावून घेणे.

पुराचा इशारा आला तर

पूर येतो तेव्हा वीज आणि इंटरनेट आधी जातात. त्यामुळे कामाला सुरुवात त्याआधी व्हायला हवी. आयर्विन पुलाजवळची पातळी ३५ फुटांवर गेली, म्हणजे इशारा पातळीच्याही पाच फूट अगोदर, की आम्ही पुढील क्रम सुरू करतो. हा क्रम कागदावर छापून कार्यालयाच्या दारामागे लावला आहे, कारण त्या वेळी संगणक बंद असू शकतो.

१. सर्वांना निरोप देऊन सर्व्हरवरील नवे काम थांबवावे.
२. निकडीच्या नोंदींची शेवटची प्रत नागपूरला पाठवावी आणि ती पोहोचल्याचे दूरध्वनीवर विचारून घ्यावे.
३. कपाटातील डिस्क जोडून प्रत घ्यावी, काढावी आणि नेमलेल्या सदस्याने ती गावाबाहेर उंचावर न्यावी.
४. सर्व्हर रीतसर बंद करून, तारा काढून, वरच्या मजल्यावर न्यावा.
५. मूळ कागदी रजिस्टरे प्लास्टिकच्या पेट्यांत घालून वर न्यावीत.

यातील कोणत्याही पायरीपेक्षा वसतिगृहातील मुलांची सुरक्षितता आधी. मुले सुरक्षित स्थळी पोहोचल्याशिवाय कोणीही सर्व्हरच्या खोलीत जाणार नाही, हे त्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहिले आहे. परगावी प्रत असण्याचा खरा लाभ हाच. यंत्रासाठी कोणाला पाण्यात उतरावे लागत नाही.

ताडून पाहिल्यावाचून खात्री नाही

जानेवारी २०१७ च्या अखेरीस ‘गिटलॅब’ या नामांकित संगणक कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती असूनही ऐन वेळी त्यांतील एकही धड उपयोगी पडली नाही. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीवर त्यांची भिस्त राहिली. जाणकारांच्या घरी असे घडते, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

म्हणून वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर महिन्यांत, आम्ही रिकाम्या संगणकावर नागपूरच्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करतो. दहावीची मुले जनरल रजिस्टरमधील कोणतीही वीस पाने निवडतात आणि मूळ कागदाशी ओळीन्‌ओळ ताडतात. पहिल्याच वेळी दोन पानांची स्कॅन अर्धवट असल्याचे एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. आम्ही तिघांनी ती पाने तपासली होती. आमच्या नजरेतून ते निसटले होते. संगीतीत भिक्खू एकत्र बसून पाठ का करीत, याचा एक अर्थ आम्हाला त्या दिवशी उमगला. एकाची विसरलेली ओळ दुसऱ्याला आठवते.

आपल्याकडून अपेक्षा

आमच्या आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. मराठवाड्यात किंवा खानदेशात स्थायिक असलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने आणखी एक प्रत सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी एक सुरक्षित कपाट आणि वर्षातून दोनदा थोडा वेळ लागतो. ज्यांच्या घरी शाळेची जुनी छायाचित्रे, पत्रे, दाखले आहेत, त्यांनी ते स्कॅन करण्यापुरते द्यावेत. मूळ आपल्याकडेच राहील. आणि ज्या ज्येष्ठांच्या आठवणी अजून नोंदवल्या नाहीत, त्यांच्या घरी आम्हाला बोलवावे. गेलेली सहा ध्वनिमुद्रणे परत मिळणार नाहीत. त्यांपैकी चौघांकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी पुन्हा सारे सांगितले, आणि या वेळी ते कृष्णाकाठी आहे तसे नागपुरातही आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संगणक व अभिलेख समिती